संत्र्याच्या सालीचं वर्गीकरण

त्या वर्षी मला कशाचाच वास येत नव्हता. ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. मी वाट बघत राहिले. चहा म्हणजे गरम पाणी झालं, आमटी नुसती दाट आणि खारट. फोडणी करपत असायची आणि मी शांतपणे पळीने हलवत उभी. मग आतल्या खोलीतून मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आई, बर्निंग लाह!" मी गॅस बंद करायची.

त्यातच तिकडे पुण्यात आई वारली. मी जाऊन आले. बहिणीने आईची एक साडी हातात दिली. म्हणाली, "बघ, अजून तिचा वास आहे." मी साडी नाकाशी धरली. सुती कापड होतं. "हो," म्हणाले, आणि घडी घालून परत दिली. रडू आलं नाही. तेही वासाबरोबर गेलं होतं की हे काही वेगळंच होतं, यावर मी फार डोकं चालवलं नाही. रजा संपली, कामावर रुजू झाले.

माझं काम रसायनांचं वर्गीकरण. सिंगापूरहून जहाजाने जाणाऱ्या मालात धोकादायक काय आणि बिनधोक काय, हे ठरवायचं. धोकादायक असेल तर कशा प्रकारे, तेही. पेट घेणारा, कातडी भाजणारा, विषारी, असे वर्ग आहेत. पिंप कसलं हवं, त्यावर खूण कोणती लावायची, जहाजावर कंटेनर कुठे चढवायचा, हे सगळं त्या वर्गावर ठरतं. आम्ही एकदा बिनधोक म्हटलं की तो कंटेनर कुठेही ठेवतात, अगदी इंधनाच्या तापलेल्या टाकीशेजारीसुद्धा. समुद्रात मग कोणी उघडून बघत नाही. नवऱ्याला इथे आयटीत नोकरी लागली म्हणून मी आले, पदरात रसायनशास्त्राची पदवी होती म्हणून या कामात शिरले, आणि रमले. त्या वर्षी मात्र रमणं वगैरे काही नव्हतं. सेम्बावांगला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसायचं, तोआ पायोहला उतरायचं, समोर येईल ते करायचं.

अशात एक दिवस ऑफिसमध्ये एक चिनी गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना अंकल म्हणू लागले. त्यांचा छोटासा कारखाना होता. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायचं एक द्रव ते बनवत. कृती त्यांच्या बायकोची. इतकी वर्षं माल इथल्या इथेच खपायचा, आता पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली होती.

"यात केमिकल नाही, मॅडम," ते म्हणाले. "संत्र्याच्या सालीचं तेल. एकदम नॅचरल. नुसता साबण समजा."

त्यांनी पिशवीतून बाटली काढून झाकण उघडलं. आजूबाजूच्या माना वळल्या. माझी बॉस केबिनमधून बाहेर आली आणि डोळे मिटून म्हणाली, "चायनीज न्यू इयरची संत्री आली की काय!" कोणी रुमालावर दोन थेंब घेतले, कोणी बाटली हातोहात फिरवली. सगळे हसत होते. अंकल तर लग्नघरातल्या यजमानासारखे खूश. शेवटी बाटली माझ्यापुढे आली.

"घ्या ना, मॅडम. वास तरी घ्या."

"मला वास येत नाही, अंकल."

त्यांना ती थट्टा वाटली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाटलीत पिवळसर, पातळ द्रव होता. मी ती उजेडात धरली, हलवली. "यात पाणी किती घालता?"

"थोडंसं. बायको घालते."

"संत्र्याच्या सालीचं तेल पेट घेतं, अंकल. चाचणी करावी लागेल."

बॉस मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "खरंच गरज आहे का? चाचणीत वेळ गेला तर त्यांचं जहाज चुकेल. बिचाऱ्याची पहिलीच ऑर्डर आहे."

"चाचणी करू," मी म्हणाले.

मी आवाज चढवला नाही की हट्ट केला नाही. तेव्हा मी सगळंच त्या सुरात बोलायची. बॉसने मान डोलावली.

चाचणी साधी असते. द्रव बंद भांड्यात हळूहळू तापवतात आणि मधूनमधून वर छोटी ज्योत दाखवतात. ज्या तापमानाला वाफ भपकन पेटते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. तो साठ अंशांच्या आत आला की सहसा तो माल ज्वलनशील द्रवांच्या वर्गात जातो, मग तो संत्र्यातून आलेला असो की तेलविहिरीतून उपसलेला. अंकलच्या द्रवाचा पन्नासच्याही खाली आला. शिवाय ते तेल माशांना घातक, म्हणून त्याची वेगळी खूण लावायची.

मी फोन केला. आकडा सांगितला.

"संत्र्याची साल आहे हो ती," अंकल म्हणाले. "मी रोज हातात घेतो."

"हो."

"पिंपं भरून ठेवलीत."

"ती चालणार नाहीत. या वर्गाची पिंपं वेगळी असतात. आणि भरलेली पिंपं आजच जिथे ठिणग्या उडतात तिथून लांब हलवा."

"मग जहाज चुकणार."

"चुकणार."

त्यांनी फोन ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. दुपारी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर बॉसने माझ्यासाठी नारळाच्या रश्शातला, नूडल्सचा लाक्सा घेतला आणि विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, बरी आहे. रस्सा तिखट असावा, कारण ओठ जळत होते.

त्यानंतर काही दिवसांनी अंकलचा फोन आला. "पेटलं, मॅडम."

"कोणाला लागलं का?"

"नाही. कोणालाच नाही."

नव्या पिंपांत भरताना थोडा माल जमिनीवर सांडला होता. माणसांनी तो चिंध्यांनी पुसला आणि चिंध्या एका कोपऱ्यात टाकल्या. शेजारी कोणी लोखंड घासायला घेतलं. एक ठिणगी त्या ढिगावर पडली आणि माणसाच्या उंचीची ज्वाळा उठली. एक टेबल जळालं, भिंत काळी झाली. अंकलनी माझ्या फोननंतर नवी अग्निशामक नळकांडी आणून ठेवली होती, ती वापरून माणसांनी आग विझवली.

"भरलेली पिंपं आधी त्याच कोपऱ्यात होती," ते म्हणाले. "तुमचा फोन आला म्हणून हलवली."

"बरं झालं हलवलीत," मी म्हणाले.

फोन ठेवून मी बॉसला सांगितलं. ती खुर्चीत बसली. मी तिला पाणी आणून दिलं, ग्लास धुऊन ठेवला आणि जागेवर येऊन पुढचं काम उघडलं.

अंकलनी विनंती केली म्हणून शनिवारी मी कारखान्यात गेले. त्यांच्या माणसांना समजावून सांगितलं. हे पेटतं. चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायच्या आणि डबा रोज रिकामा करायचा. घासकाम दुसरीकडे. लाल चौकोनातली ज्वाळेची खूण दाखवली. ते लक्ष देऊन ऐकत होते, काळ्या भिंतीकडे बघत होते.

अंकलची बायको मागे उभी होती. लहानखुरी, पांढरे केस बारीक कापलेले. सगळे पांगल्यावर ती जवळ आली.

"सुरुवातीला मी हे घरी करायचे," ती म्हणाली. "स्वयंपाकाच्या गॅसवर गरम करायचे. मुलं तिथेच खाली बसून अभ्यास करायची."

एवढं बोलून ती रडायला लागली. अंकल तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. काही तरी बोलायला हवं होतं, मला ते कळत होतं. "काही झालं नाही ना, आंटी," एवढंच मला जमलं. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गरम आहेत, एवढं जाणवलं. ती सोडेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

माल पुढे दुसऱ्या जहाजाने, योग्य पिंपांत, योग्य खुणांसह गेला. गिऱ्हाईक थांबलं होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कोपरा, चिंध्या, ज्वाळा, पिंपं. तो घास हातात धरून ऐकत होता.

"ऐकून घाबरलीस का तू?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग बरं वाटलं? एवढी माणसं वाचली."

मी खरंच आठवून पाहिलं. "तसंही नाही. काहीच वाटलं नाही."

त्याने घास ताटात ठेवला. मुलगी मोबाइलमधून वर बघायला लागली.

"आपण डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "नाकाच्या नाही. मनाच्या."

मला नको म्हणायचं कारण सुचलं नाही. हो म्हणायचंही नव्हतं सुचलं, पण त्याने वेळ घेतली आणि आम्ही गेलो. बाहेरच्या बाकावर तो माझी पर्स मांडीवर घेऊन बसला. माझं नाव पुकारलं, तशी मी उठून आत गेले.