आधीच्या विमानाचं तिकीट

युद्ध पेटणार, आखातात जाऊ नका, असं सरकारनं बजावलं होतं. वसईतल्या माझ्या तिकिटांच्या दुकानात जो तो तिकीट रद्द करायला येत होता. जवळच्या निर्मळ गावची एक फुलवाली मात्र कुवेतचं तिकीट आधीच्या विमानाचं करून मागत होती. बोलतानाही तिची बोटं ओच्यातला मोगरा ओवत होती.

"मावशी, तिकडे बॉम्ब पडतील!" मी वैतागलो.

"पडू देत. लेकीला नववा लागलाय, तिला विमानात घेत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे ना? मग माहेरच जाईल तिकडे."

तिनं गजऱ्याला गाठ मारली. मी तिकीट बदललं.

पुढे टीव्हीवर युद्ध दिसायला लागलं. सगळे धास्तावले होते, पण मला खात्री होती, त्या बाळंतिणीची शेकशेगडी चुकली नसणार.