पाण्याचा कॉल

मोमिनाबादच्या, म्हणजे आपल्या जोगाईच्या आंब्याच्या, घोडदळ छावणीत मी तात्पुरती नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मोठी लढाई संपत आली होती. मला रँक नव्हती. बंदूक मी कधी हातात धरली नाही. पण शिस्त फौजेचीच होती. ट्रम्पेटवर उठायचं, ट्रम्पेटवर झोपायचं, आणि हुकूम आला की "येस सर". नगरच्या मिशन शाळेत इंग्रजीत शिकले असल्यामुळे बाटल्यांवरची नावं वाचता येत. चारचौघांत बोलणं मात्र मला कधी जमलं नाही. जवान मला सिस्टरबाई म्हणत आणि मी नुसती मान हलवत असे.

लढाईवरून परतलेली एक तुकडी ताप घेऊन आली. तिला छावणीत न घेता धर्मापुरीच्या वाटेवर, उघड्या माळावर तंबूंत ठेवलं. भोवती दोर बांधला. दोराबाहेर, उतारावर दूर बंदूकधारी पहारेकरी, संत्री, उभे केले. हुकूम स्पष्ट होता. आतला माणूस बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दोर ओलांडला तर गोळी. ट्रम्पेटही वाजवायचा नाही, छावणीत गोंधळ होईल. डॉक्टर आणि मी आत गेलो. आठवडाभरात डॉक्टरच तापानं गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

पायावर उभे असे दोघंच उरलो. मी आणि तुकडीचा ट्रम्पेटर शिमोन. त्याचा ताप उतरला होता, पण खोकला राहिला होता. तो कडा गावचा. बाप लग्नांत सनई वाजवायचा. घर ख्रिस्ती झालं तसं सनईची आमंत्रणं बंद झाली, पोरगा फौजेत आला आणि बापानं शिकवलेला दम ट्रम्पेटला कामी आला. रोज संध्याकाळी तो तंबूबाहेर गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करी. आजाऱ्यांची नावं घेऊन एकेकासाठी मागे. दफेदार तात्याबा तंबूतून ओरडत, "शिमोन्या, तुजा देव भैरा हाय का बे?"

"भैरा न्हाई, दफेदारसाब. पर तुमचं घोरनं लई. त्याच्यावरून आवाज जायला पायजे."

तात्याबा हसत, मग खोकत.

मला शिमोन एकदा म्हणाला, "सिस्टरबाई, तुमी कावून मोठ्यानं म्हनत न्हाई?"

"मी मनात म्हणते."

"मनात ट्रम्पेटचा कॉल वाजवला तर घोडं हालत न्हाई."

मला ते आवडलं नाही. माझी प्रार्थना इंग्रजीत होती आणि माझ्यापुरती होती.

पाणी रोज सकाळी गाडीवर पिंपांतून येई. गाडीवान दोराशी ठेवलेले दोन रांजण भरी आणि मागं न बघता निघून जाई. मोठा रांजण हिंदू जवानांचा, लहान आम्हा दोघा ख्रिस्त्यांचा. मोठ्या रांजणाला शिमोन किंवा मी हात लावत नसू. जवानांपैकी ज्याला उठता येई तो इतरांना पाणी देई.

एके सकाळी गाडी आली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मागाहून कळलं की तापाच्या भीतीनं गाडीवान कोणाला न सांगता गावी पळाला होता. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की वाट मोकळी आहे. मी दोराशी जाऊन हात हलवले. पांढरा कपडा हलवला. संत्री आणखी मागे सरकला. पुढे पाऊल टाकलं तेव्हा त्यानं बंदूक खांद्याला लावली. वारा आमच्याच अंगावर येत होता. माझी हाक त्याच्यापर्यंत पोचली नसती, आणि ती फारशी मोठीही नव्हती.

दुपारपर्यंत मोठा रांजण कोरडा पडला. लहान रांजणात तळाशी थोडं होतं. मी पेला भरून तात्याबांकडे नेला. त्यांचे ओठ फुटले होते.

"ठिवा तिकडं," ते म्हणाले.

"दफेदारसाब, ताप आहे. प्या."

"बाई, चाळीस वर्सं पाळलंय. आता मरताना बाटू का?"

ते घेत नाहीत म्हणून तंबूत कोणीच घेईना. एक तरुण सवार पेल्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं तोंड कनातीकडे फिरवलं. मी पेला तसाच घेऊन बाहेर आले. उन्हात माळ, दोर, आणि पलीकडे आमच्याकडे पाठ केलेलं सगळं. इथून कोणी बाहेर पडणार नाही, असं मला तेव्हा वाटलं.

शिमोन सगळं ऐकत होता. त्यानं पिशवीतून ट्रम्पेट काढला.

"मनाई आहे," मी म्हणाले.

"म्हनून तर कुनी तरी येईल."

घोडदळात घोड्यांना पाणी दाखवायचा वेगळा कॉल असतो. तो ठरल्या वेळीच वाजतो. अवेळी वाजला तर साईस घोडी सोडतात, सगळी लाइन विस्कटते, आणि वाजवणाऱ्यावर कोर्टमार्शल. शिमोननं डोळे मिटले. ओठ हलले, या वेळी आवाज न करता. मग त्यानं ट्रम्पेट छावणीकडे वळवला.

पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा अर्धा सूर. त्यानं माझ्या हातातला पेला घेतला, ओठ ओले केले, पेला परत दिला. तिसऱ्यांदा कॉल पुरा वाजला. तो थांबला नाही. पुन्हा वाजवला, पुन्हा. ट्रम्पेट खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्त होतं.

थोड्याच वेळात धूळ दिसली. रिसालदार स्वतः आले. घोडा दोरापासून लांबच थांबवून ओरडले.

"कोन हाय बे तो? ह्या वक्ताला पानी कावून वाजवलं? घोडी सुटली तिकडं!"

शिमोनला बोलवेना. तो माझ्याकडे बघत होता.

मी दोराशी गेले. "घोड्यांचं नाही, साहेब!" माझा इतका मोठा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "माणसांचं! दोन दिवस गाडी नाही! माणसं मरतायत!"

रिसालदारांनी दोराशी ठेवलेल्या रांजणांकडे पाहिलं. मग घोडा वळवून भरधाव गेले.

ऊन उतरायच्या आत दोन गाड्या आल्या. मोठा रांजण भरला. तरुण सवार कसाबसा उठला आणि त्यानं सर्वांना पाणी दिलं. कोर्टमार्शलचं नाव कोणी काढलं नाही. वाचलेल्यांत तात्याबा होते.

शिमोन त्यानंतर उठला नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. दोराच्या आतच, एका बाभळीपाशी, ज्यांना उभं राहता आलं त्यांनी खड्डा खणला. लास्ट पोस्ट, जवानाला मातीत ठेवतानाचा कॉल, वाजवायला ट्रम्पेटर नव्हता. पाद्री नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तुमच्यात जे म्हनतात ते म्हना, बाई," तात्याबा म्हणाले. "मोठ्यानं. त्याला तसंच लागायचं."

मला पाठ होतं ते इंग्रजीत होतं. ते मी सोडून दिलं. "प्रभू, यानं आमच्यासाठी पाणी मागितलं," मी म्हणाले. "आता याला तुझ्याजवळ घे. आणि आम्ही आत आहोत हे विसरू नकोस." मग त्याच्यासारखी एकेकाची नावं घेतली. दफेदारांचंही.

माती लोटून झाल्यावर तात्याबांनी हात धुवायला पाणी मागितलं. माझ्याजवळ लहान रांजणाची बादली होती. मी ती बाजूला ठेवून मोठ्या रांजणाकडे निघाले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

त्यांनी आपला लोटा माझ्या बादलीत बुडवला. थोडं पाणी शिमोनच्या मातीवर सोडलं. उरलेलं उभ्यानंच प्यायले.