उपड्या होडीचं घर

नथूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडत होते. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून फोन शेजारच्या बाबूकाकांनी केला. मामासारखेच तेही होड्या बांधणारे. "बाय, मामा गेला तुजा. सकाली च्या घेतला न छातीत दुकलं." माझ्या मनात पहिलं काय यावं... छपराचं राहिलं! रडू नंतर आलं. त्याची अजून लाज वाटते.

छप्पर म्हणजे होडी. आजोबांची जुनी होडी सरपणाला जाणार म्हटल्यावर मामाने ती चिंचणीच्या पुढे सुरूच्या बनात ओढून आणली आणि कमरेएवढ्या दगडी भिंतींवर उपडी घातली. झालं घर! रस्त्यावरून दिसत नाही, वाळू तुडवत गेलं की एकदम समोर येतं. आत खाटेवर पडलं की डोक्यावर होडीच्या वाकलेल्या फासळ्या. "मामा, घर बांधलंस की बुडालास?" मी चिडवायची. तो म्हणायचा, "उलटी हाय म्हून तर पानी आत येत नाय."

येत नसे, कारण दर वैशाखात आम्ही तिच्या फटी भरायचो. उन्हाने फळ्या आकसतात. दार-खिडक्या लावून मी आत अंधारात उभी राहायची, उजेडाचा ठिपका दिसेल तिथे टकटक करायची, आणि छपरावर बसलेला मामा आवाजाच्या अंदाजाने तिथे तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकायचा. ठिपका बंद झाला की मी ओरडायची, "मिटला!" शाळेत असल्यापासून हे काम माझं. मग नोकरी, लग्न, बेटेगावचा फ्लॅट... एखादं वर्ष चुकू लागलं. यंदा मामाने तीनदा फोन केला. "रविवारी येशील ना? तुजी नजर बारीक हाय." पहिल्यांदा कंपनीत शटडाऊन, मग नणंदेकडची हळद. तिसऱ्यांदा मी चक्क वैतागले. "ताडपत्री टाक ना एकदाची! नाहीतर दुसऱ्या कोणाला बोलाव." तो म्हणाला, "बरं, बाय. जमंल तवा ये." आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तेराव्यानंतर बाबूकाकांबरोबर घरात गेले. खाटेखाली कापसाच्या वळलेल्या वाती, राळेचा डबा, लाकडी हातोडी, सगळं मांडून ठेवलेलं. मला राहवलं नाही. "काका, माझ्यामुळे राहिलं हे. एकट्याला त्याला कसं जमणार होतं?"

काकांनी जरा नवलानं माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या केरसुणीची एक हीर ओढली आणि उजेडाच्या ठिपक्यातून वर सरकवली. "अशी हीर घालाची, वर जायाचं, दिसंल तितं कापूस ठोकाचा. आमी समदे एकल्यानंच करतो. नथूनंच तं शिकवलंय आमाला."

मी वर बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, मामाला छपरासाठी मी हवी असते...

परवा रविवारी एकटीच गेले. दार लावून ठिपक्याठिपक्यात हीर घातली, शिडी लावून वर चढले, कापूस ठोकला. सगळं मिळून एका दुपारचं काम निघालं. यंदा तेवढीच दुपार मामा माझ्याकडे मागत होता.