पाळायचं नव्हतं ते ग्रहण

छायाकल्प चंद्रग्रहण बघायला गाडी काढून निघणारा जळगावात मी एकटाच असेन. पण बेत माझ्या मामांसाठी होता. मामा म्हणजे पारोळ्याचे नाना. त्यांचा जन्म ग्रहणातला, म्हणून त्यांची थोरली बहीण अक्का प्रत्येक ग्रहणात त्यांना दार लावून घरात बसवते. सत्तरी ओलांडली तरी! यंदा मात्र पंचांगात होतं, ‘छायाकल्प, पाळू नये’. अक्कानं न्यायची परवानगी दिली, “पाळनं नही ना? मंग लई जाय त्याले.”

जळगाव-पारोळा रस्ता आता छान आहे, फक्त मे महिन्यात दुपारी निघू नका. नाना ठेवणीतला सदरा घालून तयार होते. धुळ्याजवळ ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली (तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा), आणि लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, अंधार बघून थांबलो.

छायाकल्पात चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरतच नाही, बाहेरच्या विरळ सावलीतून जातो. मला एक कड जराशी मळकट वाटली. वाटावी अशी इच्छाच फार होती म्हणा.

“सुरू व्हयनं का?” नानांनी विचारलं.

“नाना, अर्धं झालंसुद्धा.”

“माले ते बठ्ठा पांढराच दिसस.”

सगळा पांढरा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावरायला मी सांगू लागलो, की ग्रहणांची घराणी असतात. एका घराण्यातलं ग्रहण साधारण अठरा वर्षं अकरा दिवसांनी परत येतं, तेही सात-आठ तास उशिरा. हे घराणं अजून लहान आहे. पुढच्या फेरीला चंद्र गडद सावलीला टेकेल, छोटासा लचका तुटल्यासारखा दिसेल. फक्त आपल्याकडे तेव्हा तो मावळत असेल.

“मंग ते पाळनं पडी,” नाना म्हणाले. “अक्का दखू देवाव नही.”

तेव्हा नाना नव्वदीचे असतील. मी गाडीची किल्ली काढली.

परतलो तर अक्का जागी होती. “काय दखं रे?”

“चांद बठ्ठा काया पडना व्हता!” नाना बेधडक म्हणाले. सगळा काळा! मी वाकून चपला काढू लागलो. अक्कानं हरखून त्यांना आंघोळीला पाणी काढलं.

पुढे खग्रास ग्रहण आलं. मी जळगावच्या गच्चीवरून पारोळ्याला फोन लावला. चंद्र तांबूस झाला होता आणि नाना दाराआड होते. म्हटलं, अक्का, पाच मिनिटं सोड त्यांना बाहेर.

“कसाले?” अक्का म्हणाली. “त्यानी दखं ना मांगे? बठ्ठं काया.”