साहेबांचा स्टोव्ह आणि बाईचा राब
रॉकेलचा वास आला की भंडारदऱ्याजवळचं ते भातखाचर आठवतं आणि आमच्या कचेरीतल्या साहेबांचा राग नव्याने येतो. सत्तर-एकाहत्तर सालचा वैशाख होता. नगरहून साहेबांच्या सहलीसाठी जीपमध्ये तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, थर्मास असा वऱ्हाडाला पुरेल एवढा पसारा निघाला आणि स्टोव्हचं भोक साफ करायची पिन तेवढी घरी राहिली. स्टोव्ह भकभकला, माझं तोंड काळं केलं आणि विझला. साहेब खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "इथे सरपणाला काय तोटा?" म्हणत त्यांनी खाचरात पसरलेल्या वाळक्या फांद्यांकडे बोट दाखवलं. मी, त्यांचा कारकून, त्या कवेत भरभरून आणल्या. खिचडी शिजली तोवर शेताची मालकीण धावत आली. "आवो, सरपन न्हाई त्ये, राब हाय! म्हयनाभर डोक्यावरनं वाहिला. त्याच्या राखंतच भाताचं रोप करतो आमी." साहेब म्हणाले, "पालापाचोळ्यासाठी एवढी ओरड?" तिने जीपभर सामानावरून नजर फिरवली. "येवढं समदं आनलं, आन् जाळायला आमचंच घावलं व्हय?" साहेबांनी निर्लज्जपणे ताट पुढे केलं. परवा नातवाने सहलीसाठी घेतलेला नवा स्टोव्ह कौतुकाने दाखवला, तेव्हाही मी साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. खिचडी मात्र त्या दिवशी मीही दोनदा वाढून घेतली होती.