वकील मुलाचा, घर माझं गेलं

मंडळी, आज सकाळी इथे परदेशात नव्या कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या, कागदांवर सह्या झाल्या. वकीलबाई मुलानेच निवडल्या, हार्बरफ्रंट भागात त्याच्या ऑफिसजवळ पडतात म्हणून. ठाण्याचं माझं घर विकून पैसे यात घातलेत, म्हणून मीही सोबत गेलो.

कागद इंग्रजीत. मला ओ की ठो कळेना. तोडक्यामोडक्या इंग्रजीत बाईंना विचारलं, "यात माझं नाव कुठे आहे?"

वकीलबाई माझ्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "अंकल, मी यांची वकील आहे. तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा."

मुलगा हसला. "बाबा, घरातल्या घरात कसला वकील?"

नाव आहे की नाही, ते मात्र दोघांनीही सांगितलं नाही.

 चाव्या मिळून व्यवहार पूर्ण व्हायच्या आत हे कागद दुसऱ्या वकिलाला दाखवायला हवेत. इथला मराठी समजणारा वकील कुणाला माहीत आहे का? मुलाला कळवू नका.