न पेरलेला राब

आमच्या ह्यांना मयताला कोणी बोलवत नाय. खोटं नाय सांगत. आमच्या वाशिंदकडं कोणी गेलं की माणसं रडता रडता आधी बघतात, सुनिल आलाय का. आलेले दिसले की आवाज खाली येतात. ह्यांचं कामच तसं हाय, त्याला मी तरी काय करू? पोलीस भरतीत उंचीला थोडक्यात राहिले, मग विमा कंपन्यांच्या चौकशीचं काम धरलं. साप चावून मेला म्हणतात, तर खरंच साप चावला का. विहिरीत पाय घसरला म्हणतात, तर घसरला की कोणी ढकलला.

ह्यांचा एक नियम होता. चौकशीला गेलेल्या घरी दिलेला चहा पुरता प्यायचा. काय पण दिसू दे, कप रिकामा करूनच उठायचं. "अर्धा कप ठेवला की घरातल्या बाईला लगेच कळतं, आपल्याला काय तरी सापडलंय," असं म्हणायचे. मी म्हणायचे, चला, बायकांना काय कळतं एवढं तरी तुमाला कळलं!

आमची हर्षाली. पहिल्या घरी मेल्यांनी धड नांदू दिलं नाय, सोडचिठ्ठी झाली. वाशिंदलाच कंपनीत पॅकिंगला जाते. तिला मुरबाडकडचं स्थळ आलं, साईनाथ नावाचा मुलगा. त्याचं पण पहिलं लग्न झालेलं. बायको संजीवनी शिमग्यानंतर कोणाबरोबर तरी पळून गेली, असं तो सांगायचा. तिला माहेरचं कोणी नव्हतं, मग विचारणार कोणाला? हे आपले सारखे, "सोडचिठ्ठीचा कागद कुठाय?" मी भडकले. पळून जाणारी कागद देऊन जाते काय? माझी पोर किती दिवसांनी फोनवर हसायला लागली होती.

गौरी-गणपती झाल्यावर आमी दोघं गाडीवर साईनाथचं घर बघायला निघालो. निघतानाच ह्यांना बजावलं, "घर बघायला चाललोय, पंचनाम्याला नाय. तोंड बंद ठेवा." घर चांगलं होतं. साईनाथ वाशिंदकडं कामावर गेलेला, घरात त्याची आई, चंद्रकला. ओटीवर बसवलं, पोहे दिले, चहा दिला. समोर भात कमरेइतकं वाढलेलं, बघून जीव सुखावला माझा.

त्या हिरव्यात घराजवळचा एक तुकडा तेवढा मोकळा होता. तण माजलेलं, कडेला अर्धवट जळलेल्या फांद्या. राबाची जागा ती, मला पण दिसली. आमच्याकडं पावसाआधी शेण, पालापाचोळा, गवत पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मग तिथं नांगर घालून रोपासाठी भाताचं बी पेरायचं. एवढा पाला डोक्यावरून वाहायचा, उन्हात भाजायचा आणि पेरायचंच नाय, असं कोणी करत नाय.

"राब भाजला, पण पेरला नाय वाटतं औंदा?" ह्यांनी सहज विचारलं.

चंद्रकला म्हणाली, "रोप विकत आणलं. तिथं नांगर घालायचा नाय, असं साईनाथ म्हणाला."

"कधी भाजला?"

"शिमगा झाल्यावर."

ह्यांनी कप खाली ठेवला. अर्धा. "चला, निघू या," म्हणाले. चंद्रकला त्या कपाकडं बघत राहिली. किती घरं फिरला हा माणूस, कधी चुकला नाय, आणि पोरीच्या वेळेला चुकला.

बरंच पुढं, मोबाईलला रेंज आल्यावर, गाडी थांबवून ह्यांनी हर्षालीला फोन लावला. आवाज अगदी साधा. "कुठं हायस, बाळा?"

"कंपनीसमोरच्या पेट्रोल पंपावर. साईनाथ आलाय न्यायला, गाडीत पेट्रोल भरतोय. त्याच्या आईचा फोन आला, तुमी मला तिकडं बोलावलंय म्हणून."

"आमी नाय बोलावलं. त्याला काय सांगू नको. पंपाच्या ऑफिसात जा, आतून कडी लाव, मी येईपर्यंत उघडू नको."

गेली पोर. बापानं सांगितलं म्हणून गेली, का ते विचारलं पण नाय. आमी पोचलो तेव्हा टेबलाखाली बसून होती, आणि साईनाथ निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी तो राब खणला. संजीवनी कुठं पळून गेली नव्हती. चंद्रकलेला धरून नेलं. साईनाथ अजून सापडला नाय. हर्षाली कामावर जात नाय, हे दाराशी खाट टाकून झोपतात. सोमवारी तेवढं कंपनीच्या ऑफिसात जावंच लागतं.

काल अनोळखी नंबरावरून फोन आला.

"आई, साईनाथ बोलतोय. बाबांनी चहा अर्धा ठेवला ना, तेव्हाच माझ्या आईला कळलं."

मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. मेल्या, मुडद्या, तुझ्या हाताला किडे पडतील, काय काय बोलले. फोनात त्याच्या मागून आमच्याच नाक्यावरच्या गिरणीचा आवाज येत होता. माझं बोलणं संपल्यावर त्यानं विचारलं, "आज सोमवार ना, आई? बाबा कामावर गेलेत ना?"